शेजारी संस्कृतींचे साम्य आणि अंतर : मराठी-कन्नड संबंधाच्या अभ्यासपद्धतीची एक चिकित्सा

१

दोन शेजारी संस्कृतींमध्ये कालांतराने साम्य वाढते की अंतर वाढते, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. शेजार म्हटला की देवघेव आली आणि देवघेव म्हटली की साम्य आले, असे आपण धरून चालतो. जेथे साम्य आढळत नाही तेथे कोणाचा तरी दुराग्रह किंवा राजकारण आडवे आले असले पाहिजे, अशीही आपली समजूत असते. मराठी आणि कन्नड ह्या दोन संस्कृतींच्या संबंधांविषयी गेल्या शतकभरात जे विपुल लेखन झाले, त्यातील पुष्कळशा लेखनाच्या मुळाशी हेच गृहीतकृत्य आहे. त्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या लेखनात दोन पद्धती ठळकपणे दिसतात. एक पद्धत जमाखर्चाची : कोणी कोणाकडून किती घेतले, ह्याची नोंद करणारी. दुसरी समन्वयाची : दोन प्रवाह एकत्र मिळून तिसरा प्रवाह कसा झाला, हे दाखविणारी. पहिली वादाला सोयीची आहे, दुसरी सलोख्याला. परंतु साम्य आणि अंतर ही एकाच मोजपट्टीची दोन टोके असून एक वाढले की दुसरे कमी व्हावयाचेच, ही कल्पना मात्र दोहोंना समान आहे. आमच्या मते पुरावा निराळे सांगतो. शेजारी संस्कृतींमध्ये साम्य आणि अंतर ही दोन्ही एकाच वेळी, पण जीवनाच्या वेगवेगळ्या थरांत वाढत असतात. किंबहुना कित्येकदा अंतर राखण्याच्या इच्छेतूनच साम्य वाढते. हे म्हणणे पुढे भाषा, रंगभूमी आणि भक्तिपरंपरा ह्या तीन क्षेत्रांतील उदाहरणांनी तपासून पाहावयाचे आहे.

२

प्रथम जमाखर्चाच्या पद्धतीविषयी. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे मराठीतील नित्याचे शब्द कन्नडमधून आले, हे आपले अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. उलट बाजूने ‘चळवळ’ हा मराठी शब्द किंचित रूपांतर होऊन कन्नडमध्ये रुळला. गद्य कथाप्रबंधाला हिंदी व बंगाली ‘उपन्यास’ म्हणतात, गुजराती ‘नवलकथा’ म्हणते. मराठी आणि कन्नड ह्या भाषा त्याला ‘कादंबरी’ म्हणतात, आणि हे नाव मराठीतून कन्नडमध्ये गेले. शिलालेखांचा पुरावाही असाच दुहेरी आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतील लेख आहे. देवगिरीच्या यादवांचे लेख संस्कृत, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत आढळतात, आणि आजच्या महाराष्ट्राच्या दक्षिण भागात कन्नड शिलालेखांची संख्या मोठी आहे.

ह्या सामग्रीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. शं. बा. जोशी ह्यांच्यासारख्या व्यासंगी कन्नड संशोधकाने अशाच प्रकारच्या पुराव्यावरून महाराष्ट्राच्या प्राचीन वस्तीचा मूलस्रोत कन्नड असल्याचे प्रतिपादन केले. मराठी अभ्यासकांना ते पचले नसले, तरी त्यामुळे त्यांना आपल्या अनेक समजुती नव्याने पारखून घ्याव्या लागल्या, हे मान्य केले पाहिजे. दोष पुराव्यात नाही. त्याला जे प्रश्न विचारले जातात त्यांत आहे. एखादा शब्द किंवा लेख कोणत्या बाजूचा, एवढे ही पद्धत सांगू शकते. तो शब्द ज्यांनी घेतला त्यांना त्याची गरज का भासली, तो घेतल्याने ते देणाऱ्याच्या जवळ गेले की त्याच्यापासून आपले वेगळेपण मांडण्याचे साधन त्यांना मिळाले, हे ती सांगू शकत नाही. ‘कादंबरी’ हे नाव घेणारा कन्नड लेखक त्या नावाखाली काय लिहीत होता, ते पाहिल्याशिवाय त्या उसनवारीचा अर्थ लागत नाही. तो पुढे पाहू.

शिवाय ह्या पद्धतीचा आणखी एक परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. खातेवही ठेवली की बाकी निघते आणि बाकी निघाली की वसुलीची भाषा सुरू होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमाप्रश्नाच्या वादात दोन्ही पक्षांनी शब्द, देवळे आणि शिलालेख हे साक्षीदार म्हणून उभे केले. आठशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या दानलेखाची भाषा आजच्या तालुक्याची मालकी ठरविण्यास उपयोगी पडावी, ही अपेक्षा लेख कोरणाऱ्याला समजलीही नसती. यादवांच्या दरबारात तीन भाषा नांदल्या त्या प्रत्येकीचे काम वेगळे होते म्हणून. त्या लेखांवरून आजच्या अर्थाने ‘प्रदेश कोणाचा’ हे ठरविणे म्हणजे त्या काळाच्या व्यवहारावर आपल्या काळाचा नकाशा लादणे होय.

३

भाषेच्या क्षेत्रात ह्या पद्धतीच्या पलीकडे नेणारे काम विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झाले. मरे एमेनो ह्यांनी १९५६ मध्ये भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे, अशी कल्पना मांडली. वेगवेगळ्या कुळांतील भाषा दीर्घ सहवासाने एकमेकींची वैशिष्ट्ये उचलतात, म्हणून कुळाबरोबर शेजारही विचारात घेतला पाहिजे, हा तिचा आशय. त्यानंतर १९७१ मध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्यांचा सांगली जिल्ह्यातील कुपवाड ह्या गावाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. मराठीच्या घडणीत आर्य आणि द्राविड भाषांचा सहवास कोठवर पोहोचला असावा, ह्याचा शोध घेणारा फ्रँकलिन साउथवर्थ ह्यांचा निबंधही त्याच ग्रंथात आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने कुपवाडविषयीचा निबंध विशेष महत्त्वाचा आहे.

त्या वेळच्या कुपवाडात जैन आणि लिंगायत घरांतून कन्नड, मुसलमानांच्या घरांतून उर्दू आणि पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या घरांतून मराठी बोलली जाई. ह्यांखेरीज थोडी तेलुगु घरेही होती. गावातील बहुतेक पुरुषांना एकाहून अधिक भाषा येत, आणि निरनिराळ्या समाजांतील माणसे एकत्र आली की सामान्यतः मराठीत बोलत. अशा स्थितीत शतके लोटल्यावर काय झाले असावे? भाषा मिसळून एखादी खिचडी बोली झाली असेल, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. कन्नड कन्नडच राहिली, उर्दू उर्दूच राहिली. घरातले शब्द आणि प्रत्यय ज्याचे त्याच्याकडेच राहिले. परंतु वाक्याची घडण मात्र इतकी सारखी झाली की, एका बोलीतील वाक्य घेऊन त्यातील प्रत्येक शब्दाच्या व प्रत्ययाच्या जागी दुसऱ्या बोलीतील शब्द व प्रत्यय ठेवला की दुसरीतले वाक्य तयार व्हावे.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ‘हे माझे घर’ अशा अर्थाच्या वाक्यात ग्रांथिक कन्नडला क्रियापदाची गरज लागत नाही. कुपवाडच्या कन्नडने मात्र मराठीच्या ‘आहे’प्रमाणे तेथे क्रियापद ठेवण्याची रीत उचलली. उलट, भूतकाळातील सकर्मक वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलावे ही उत्तरेकडील उर्दूची रीत आहे, आणि प्रमाण मराठीतही आपण ‘मी भाकरी खाल्ली’ असेच म्हणतो. कुपवाडच्या उर्दूने ती रीत सोडून कर्त्याप्रमाणे क्रियापद चालविण्याची कन्नडची रीत स्वीकारली. म्हणजे ही देवघेव एकाच दिशेने वाहिलेली नाही. सर्वांनी मिळून एक समान वाक्यरचना सिद्ध केली, आणि प्रत्येकाने तिच्यात आपापले शब्द भरले.

जमाखर्चाच्या वहीत ह्या घटनेची नोंद कशी करावी? शब्द मोजणाऱ्याला येथे तीन स्वतंत्र भाषा दिसतील, वाक्यरचना पाहणाऱ्याला जवळजवळ एकच दिसेल. आणि दोघांचेही निरीक्षण बरोबर असेल.

४

तथापि कुपवाडच्या ह्या चित्रावर फार मोठी इमारत उभारण्यापूर्वी दोन गोष्टी नमूद करणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, सोनल कुलकर्णी-जोशी ह्यांनी चाळीस वर्षांनंतर त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी ह्या ‘शब्दास शब्द’ भाषांतरक्षमतेच्या प्रतिमानाची चिकित्सा केली आहे. एका गावातील बोलींचे संपूर्ण ऐक्य हा निष्कर्ष आता पूर्वीइतक्या निःशंकपणे मांडता येणार नाही. आमच्या प्रतिपादनाला संपूर्ण ऐक्याची आवश्यकताही नाही. रचनेच्या थरात साम्य वाढत असताना शब्दांच्या थरात भेद टिकून राहू शकतो, एवढेच त्याला पुरे आहे.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. कुपवाडात घरोघरीचे शब्द वेगळे का राहिले? ह्याचे उत्तर त्या गावच्या समाजरचनेत आहे. चावडीवर, शेतात आणि बाजारात सर्वांना एकमेकांशी रोज बोलावे लागे, म्हणून वाक्याची घडण जुळत गेली. परंतु जैनाच्या स्वयंपाकघरात मुसलमानाला किंवा महाराला प्रवेश नव्हता. रोटीबेटीचा व्यवहार ज्या रेषेवर थांबला त्याच रेषेवर शब्दांची मिसळही थांबली. ज्यांची घरची भाषा मराठी, त्यांचे गावातील स्थान सर्वांत खालचे होते. तरीही गावाच्या सामाईक व्यवहाराला मराठी चालली. म्हणून ‘गावात तीन भाषा गुण्यागोविंदाने नांदत होत्या’ असे कौतुकाने लिहिताना आपण जरा थांबले पाहिजे. त्या नांदण्याच्या पायाशी विषमता होती. साम्य म्हणजे सलोखा नव्हे, आणि भेद म्हणजे वैर नव्हे, ह्या दोन्ही गोष्टी कुपवाड आपल्याला एकदमच शिकविते.

५

भाषेकडून रंगभूमीकडे वळलो असता हीच घटना इतिहासात अधिक स्पष्टपणे पाहावयास मिळते, कारण येथे पावलोपावली काळ आणि स्थळ सांगता येते.

१८४२ मध्ये उत्तर कानड्यातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली आणि तिने चिंतामणराव पटवर्धनांसमोर आपले खेळ केले. ते पाहून चिंतामणरावांनी विष्णुदास भावे ह्यांना तसे खेळ रचण्यास सांगितले, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. यक्षगानात भागवताने पदे गावी आणि पात्रांनी त्यांवर नृत्य व उत्स्फूर्त भाषण करावे, अशी रीत आहे. भाव्यांच्या नाटकात हेच काम सूत्रधाराकडे आले : तो पदे म्हणे व पात्रे प्रसंगानुरूप बोलत. मराठी रंगभूमीचा जन्म असा कन्नड खेळाच्या दर्शनाने झाला. तिच्या इतिहासकारांपैकी काहींनी हे ऋण मोकळेपणाने मान्य केले, काहींनी ते शक्य तितके लहान करून सांगितले. आम्हाला त्या वादात येथे शिरावयाचे नाही; खरा अर्थपूर्ण भाग पुढचा आहे.

पुढे काही दशकांतच मराठी नाटक मंडळ्यांचे दौरे बेळगाव, धारवाड, हुबळी, गदग ह्या भागांत होऊ लागले. हा सर्व प्रदेश तेव्हा मुंबई इलाख्यात होता. शाळा आणि कचेऱ्या ह्यांतून मराठीचे प्राबल्य होते. धारवाड भागात कन्नड शाळांसाठी डेप्युटी चन्नबसप्प ह्यांना झगडावे लागले, आणि १८९० मध्ये रा. ह. देशपांडे ह्यांच्या पुढाकाराने धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. ह्याच वातावरणात गदग येथे १८७०च्या दशकात ‘शांतकवी’ म्हणजे सक्करी बाळाचार्य ह्यांनी कन्नड नाटके लिहून कृतपुर नाटक मंडळीकडून ती करविली. मराठी नाटकांपुढे कन्नड प्रेक्षक आपली भाषा विसरत चालला आहे, ही व्यथा त्या उद्योगामागे होती. म्हणजे मराठीपासून अंतर निर्माण करणे हा त्याचा उद्देश होता.

परंतु हे अंतर कोणत्या साधनाने निर्माण झाले? शांतकवींनी घरचे यक्षगान जसेच्या तसे मराठी नाटकासमोर उभे केले नाही. मराठी मंडळ्यांनी रूढ केलेल्या धर्तीवर फिरती मंडळी उभी करून तिच्याकडून त्यांनी कन्नड नाटके करविली. नंतर १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ आले, पात्रे स्वतः गाऊ लागली, आणि तो साचाही उत्तर कर्नाटकातील कन्नड मंडळ्यांनी उचलला. हिंदुस्थानी रागांतील पदे, पेटी-तबल्याची साथ आणि गायक नटाभोवती फिरणारा प्रयोग ही हुबळी-गदगकडील कन्नड व्यावसायिक नाटकाची लक्षणे ठरली. ह्याच किर्लोस्करांच्या आणि त्यांच्यामागून देवलांच्या पदांतून कन्नड चाली मराठी श्रोत्यांच्या ओठांवर आल्या होत्या, हेही येथे विसरता कामा नये. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे मातृभाषेने कन्नड, गायकीने अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, आणि मराठी रंगभूमीवरचे नामांकित नट.

सारांश, जेव्हा कन्नड रंगभूमी मराठीपासून भाषेने निश्चयपूर्वक दूर झाली, तेव्हाच ती रचनेने मराठीच्या सर्वांत जवळ आली. शेजाऱ्याला उत्तर द्यावयाचे तर त्याला कळेल अशाच रीतीने ते द्यावे लागते. शेजारी ज्या मैदानावर आपल्याला मागे टाकतो, त्याच मैदानावर उतरून आपण त्याची बरोबरी करतो.

६

कादंबरीचा इतिहास ह्याला दुजोरा देतो. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या गळगनाथ ह्यांनी कन्नडमध्ये आणल्या. मराठी वाचकाच्या मनात शिवकालाविषयी जो अभिमान ह्या कादंबऱ्यांनी जागविला, तो अभिमान जसाच्या तसा उचलून कन्नड वाचकाच्या उपयोगी पडणार नव्हता. त्याला स्वतःचे राज्य हवे होते, आणि ते विजयनगरात सापडले. गळगनाथांनी ‘माधव करुणा विलास’ ही कादंबरी विजयनगरच्या स्थापनेवर लिहिली. मौजेची गोष्ट अशी की, आपट्यांची ‘वज्राघात’ ही कादंबरीही विजयनगरच्या विनाशाविषयीच आहे. शेजाऱ्याच्या इतिहासाचा शोक मराठी कादंबरीकाराने केला, आणि शेजाऱ्याने त्याच कादंबरीच्या तंत्राने आपल्या इतिहासाचा गौरव केला.

आलूर वेंकटराव ह्यांचे उदाहरणही असेच आहे. त्यांचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी कन्नडमध्ये उतरविले. आणि १९१७ मध्ये ‘कर्नाटक गतवैभव’ लिहून त्यांनीच कन्नड एकीकरणाच्या भावनेला आधार पुरविला. महाराष्ट्राकडे पाहत पाहत त्यांनी कर्नाटक शोधले, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. जमाखर्चाची पद्धत वेंकटरावांना ‘मराठी प्रभावाखालील लेखक’ म्हणून नोंदवील, आणि अस्मितेचा इतिहासकार त्यांना मराठी वर्चस्वाचा प्रतिकार करणारा म्हणून गौरवील. ह्या दोन नोंदी एकाच माणसाच्या एकाच कृतीच्या आहेत, हे दोघांच्याही ध्यानात येणार नाही.

७

आता समन्वयाच्या पद्धतीकडे वळू. ह्या पद्धतीचा मराठीतील सर्वांत समृद्ध ग्रंथ म्हणजे रा. चिं. ढेरे ह्यांचा १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’. गवळी-धनगरांच्या लोकदेवतेपासून वैष्णवांच्या परमदैवतापर्यंतचा विठ्ठलाचा प्रवास ढेऱ्यांनी मोठ्या साक्षेपाने उलगडला. त्यासाठी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र ह्या तिन्ही प्रदेशांतील सामग्री त्यांनी तोलामोलाने वापरली. संतांनी विठ्ठलाला ‘कानडा’ का म्हटले, ह्या प्रश्नाला त्यांनी शब्दार्थाच्या कसरतीतून सोडवून भूगोलाच्या आणि समाजेतिहासाच्या भूमीवर आणले, ही त्यांची कामगिरी मोठी आहे.

परंतु ग्रंथाच्या नावातील ‘समन्वय’ हा शब्द ज्या सहजतेने पुढे रूढ झाला, तिच्याविषयी शंका घेण्यास जागा आहे. दैवत एक झाले हे खरे. त्याच्याभोवतीची वाङ्मये एक झाली नाहीत. पुरंदरदासांपासूनच्या कन्नड हरिदासांनी आपल्या पदांना विठ्ठलाच्या नावाची मुद्रा दिली. ‘पुरंदर विठ्ठल’, ‘विजय विठ्ठल’ ही नावे सर्वश्रुत आहेत. मराठी वारकरी संतांचे अभंगही त्याच पंढरीच्या देवाला उद्देशून आहेत. तरी हरिदास मध्वाचार्यांच्या द्वैतमताला धरून राहिले, आणि वारकऱ्यांनी ज्ञानदेवांच्या अद्वैताला भक्तीची जोड दिली. दोन्ही परंपरा लोकभाषेत गातात, नामस्मरणाला सर्वांत वरचे स्थान देतात, रचनेच्या शेवटी कवीची किंवा देवाची मुद्रा ठेवतात. एवढे घट्ट रूपसाम्य असताना सिद्धान्त, छंद आणि संतमालिका ह्यांच्या बाबतींत प्रत्येकीने आपले घर राखले. ह्याला समन्वय म्हणण्यापेक्षा एका अंगणात उघडणारी दोन घरे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

विसाव्या शतकात भीमसेन जोशी ह्यांनी हे अंगण सर्वांना ऐकविले. गदगकडचा हा गायक मराठी अभंग आणि कन्नड दासपदे सारख्याच तन्मयतेने गात असे. राग तेच, लय तीच, विठ्ठल तोच. शब्द मात्र दोन. अभंगांच्या मैफलीला आलेल्या मराठी श्रोत्यांपैकी किती जणांना दासपदांचा अर्थ कळत होता, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. स्वर आपल्यापर्यंत पोहोचले म्हणून शेजारी आपल्याला समजला, अशी समजूत करून घेण्याची चूक समन्वयाच्या पद्धतीत नेहमी संभवते.

८

येथवरच्या उदाहरणांवरून ‘रचनेत साम्य वाढते, शब्दांत भेद टिकतो’ असे सूत्र काढण्याचा मोह होईल. परंतु ह्या सूत्राला एक सबळ अपवाद आहे, आणि त्याचा विचार केल्याशिवाय निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. इरावती कर्वे ह्यांनी भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३च्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण ह्यांच्या मधल्या विभागात ठेवले. मामाच्या मुलीशी विवाह ही दक्षिणेची रीत मराठी समाजातील अनेक जातींनी मानली आहे. परंतु मामाने सख्ख्या भाचीशी विवाह करावा, ही कन्नड समाजात रूढ असलेली रीत मराठी समाजाने सर्वसाधारणपणे मान्य केलेली नाही. विवाहाची रीत हा काही शब्द नव्हे, ती समाजाची रचनाच होय. मग रचनेच्या ह्या थरात साम्य अर्ध्यावर का थांबले?

ह्याचे उत्तर असे दिसते की, खरी सीमारेषा ‘रचना’ आणि ‘शब्द’ ह्यांच्यामध्ये नसून ‘सामाईक व्यवहार’ आणि ‘घरचा व्यवहार’ ह्यांच्यामध्ये आहे. जे काम शेजाऱ्याबरोबर किंवा शेजाऱ्यासमोर करावयाचे असते, मग ते बाजारातील बोलणे असो, नाटकाचा प्रयोग असो की मैफलीतील गाणे असो, त्यात साम्य वाढत जाते. जे उंबरठ्याच्या आत होते आणि ज्यावरून घर स्वतःला ओळखते, त्यात भेद जपला जातो. कुपवाडात वाक्यरचना चावडीवर घडली, शब्द घरात राहिले. नाटकाचा साचा गावोगावच्या नाट्यगृहांत जुळला, त्याची भाषा स्वतःची ठेवली गेली. विवाहाच्या रीतींतही मामाच्या मुलीपर्यंत मराठी समाज शेजाऱ्याबरोबर चालला. पुढचे पाऊल आपल्या घरच्या मर्यादेत बसत नाही, असे त्याने ठरविले. ही रेषा सर्वत्र एकाच ठिकाणी असत नाही. ती कोठे आहे आणि कोण ती आखतो, ह्याचा शोध घेणे हे अभ्यासकाचे काम आहे.

९

ह्या सर्व व्यवहाराला एक अट होती, आणि तिच्याविषयी आपण आजवर पुरेसे लिहिलेले नाही. ती अट म्हणजे दोन्ही भाषा जाणणारा माणूस. मलप्रभेच्या काठच्या गुर्लहोसूर गावात १८४३ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले आणि त्याच गावात १८९६ मध्ये शं. बा. जोशी जन्मले. एकाने मराठी संगीत नाटक उभे केले, दुसऱ्याने मराठी संस्कृतीच्या मुळाशी कन्नड शोधली. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे ह्यांची घरची भाषा मराठी. त्यांनी कन्नड काव्याला आधुनिक काळातील त्याचा सर्वांत समर्थ आवाज दिला, सोलापूरच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे अध्यापन केले, १९६५ मध्ये ‘संवाद’ हे पुस्तक मराठीत लिहिले, आणि १९७३ मध्ये त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. ह्या माणसांना शेजाऱ्याची भाषा कोणी मुद्दाम शिकविली नव्हती. ती त्यांच्या आळीतच होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड, बेळगाव, विजापूर आणि उत्तर कानडा हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. भाषावार राज्यरचनेने दोन्ही समाजांना आपापल्या भाषेत शिकण्याचा व राज्यकारभार करण्याचा अधिकार दिला, आणि तो न्याय्यच होता. चन्नबसप्पांना ज्या शाळांसाठी झगडावे लागले त्या शाळा मिळाव्यात ह्यात गैर काय? परंतु त्याबरोबरच शेजाऱ्याची भाषा येणे हे शिक्षणाचा आणि पोटापाण्याचा भाग राहिले नाही. १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा ह्यांच्या बातम्यांतूनच अनेक मराठी वाचकांना कर्नाटकाची ओळख होत आली आहे, असे म्हणावे लागते.

अंतराचे दोन प्रकार आहेत, असे आम्हाला वाटते. एक जाणते अंतर : शांतकवींचे, आलूरांचे. त्यांना मराठी येत होती, मराठी नाटक आणि मराठी ग्रंथ त्यांनी वाचले-पाहिले होते, आणि म्हणूनच त्यांच्या प्रतिकारातून कन्नडला नवे काही मिळाले. दुसरे अजाण अंतर : ज्यात शेजाऱ्याचे नावच काय ते माहीत असते. जाणत्या अंतराने साम्य वाढविले. अजाण अंतरातून साम्यही निघत नाही आणि अर्थपूर्ण भेदही निघत नाही. दोन संस्कृती अलग झाल्या म्हणून शोक करण्याचे कारण नाही. त्या एकमेकींना न ओळखता अलग होत असतील, तर मात्र दोघींचेही नुकसान आहे.

म्हणून ह्या क्षेत्रातील संशोधनाने आता खातेवही मिटवून दुसऱ्या कामास लागावे, असे सुचवावेसे वाटते. मिरज, जत आणि अक्कलकोट येथील कन्नड घरे, बेळगाव आणि निपाणी येथील मराठी घरे ह्यांचा भाषाव्यवहार दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी एकत्र बसून नोंदवावा : कोणत्या प्रसंगी कोणती भाषा, कोणाशी, आणि उंबरठ्याच्या आत काय राखले जाते. कन्नड नाटकमंडळ्यांच्या पदसंग्रहांची मराठी पदसंग्रहांशी चालींनिशी तुलना व्हावी. हरिदासांची पदे आणि वारकऱ्यांचे अभंग शेजारी शेजारी ठेवून, त्यांत काय सारखे आहे ह्याबरोबरच काय जाणूनबुजून वेगळे ठेवले आहे, ते पाहिले जावे. ह्यांपैकी एकही काम एका भाषेच्या ज्ञानावर होणार नाही. आपल्या विभागातून मराठी साहित्याची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला कन्नड लिपीतील एक ओळही वाचता येऊ नये, ही गोष्ट आपण इतके दिवस स्वाभाविक मानीत आलो. मराठी-कन्नड संबंधांविषयी बोलण्याचा आपला अधिकार शाबीत करावयाचा असेल, तर सुरुवात तेथून करावी लागेल.